धरणाच्या आधी हललेलं देऊळ: शीआनहून रेल्वे, बस आणि पायी योंगल गोंगपर्यंत

२०२४च्या उन्हाळ्यात उजनीचं पाणी फार खाली गेलं आणि जुन्या पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ उघडं पडलं. तेव्हा वडिलांना, म्हणजे आप्पांना, घेऊन मी तिथे गेले होते. गाळ वाळून भेगाळला होता, वीरगळ आडवे पडले होते आणि विटांचं शिखर पडझड होऊनही उभं होतं. आप्पा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपण वासे आणले, तुळया आणल्या, उंबरासुद्धा बैलगाडीत घालून आणला. देऊळ मात्र राहिलं." आमच्या नव्या गावठाणातल्या घराचा उंबरा जुन्या घरातलाच आहे. मधोमध झिजून त्याला खळगा पडलाय.

त्यानंतर काही दिवसांनी मी चीनमधल्या योंगल गोंगबद्दल वाचलं. धरणात बुडणार म्हणून अख्खं देऊळ, भिंतीवरच्या चित्रांसकट, दुसरीकडे नेलेलं. मी पुण्यात एका छापखान्यात डिझाइनचं काम करते, त्यामुळे तिथल्या चित्रांच्या छापील प्रती मला आधीपासून माहीत होत्या. पण ती चित्रं मुळात दुसऱ्या गावातली आहेत, हे माहीत नव्हतं. जायचं हे त्या रात्रीच ठरवलं. गेले मात्र एप्रिल २०२५ मध्ये, एकटी, आणि टॅक्सी न करता. कुणाला जायचं असेल तर उपयोग होईल म्हणून सगळं क्रमाने लिहितेय.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरायला बसले. दोन रात्री गेल्या. गेल्या काही वर्षांतल्या नोकऱ्या, शिक्षण, आईवडिलांची माहिती, आधीचे परदेश प्रवास, सगळं विचारतात. पर्यटक व्हिसासाठी जाण्यायेण्याची तिकिटं, प्रत्येक रात्रीचं हॉटेल बुकिंग, बँकेचं स्टेटमेंट आणि कंपनीचं पत्र लागलं. मुंबईला जाऊन कागद दिले, तर फोटो नाकारला गेला. माझे केस कानावर आले होते. शेजारच्या स्टुडिओत पुन्हा फोटो काढून रांगेत परत उभी राहिले. तुम्ही जाल तेव्हा केस मागे घेऊन, पांढऱ्या पार्श्वभूमीवर काढलेले चार फोटो सोबत ठेवा. आठवडाभराने पासपोर्ट हातात आला. आतला व्हिसा पाहून मला रडूच आलं, कारण तोवर मी कुणाला सांगितलंही नव्हतं.

तेव्हा भारतातून थेट विमान नव्हतं. मुंबई ते बँकॉक आणि तिथून शीआन, अशी दोन वेगळी तिकिटं काढली. जाऊनयेऊन विमानाचे ४३ हजार झाले.

निघण्याआधी घरी बसून तीन कामं उरकली, म्हणून तिथे निभाव लागला. पहिलं, अलिपे हे पैसे द्यायचं चिनी ॲप घेऊन त्याला माझं क्रेडिट कार्ड जोडलं. तिथे भाजीवालासुद्धा मोबाइलवर पैसे घेतो. परदेशी कार्डावर २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, त्याच्यावर गेलं की ३ टक्के लागतं. दुसरं, चिनी रेल्वेच्या १२३०६ या ॲपवर पासपोर्टची नोंदणी केली. पासपोर्टचा फोटो पाठवला की तपासणीला वेळ लागतो. माझ्या वेळी दोन दिवस गेले. पासपोर्टवर आडनाव आणि नाव ज्या क्रमाने आहे त्याच क्रमाने भरा. तिकिटं १५ दिवस आधी खुली होतात. तिसरं काम सगळ्यात महत्त्वाचं. प्रत्येक ठिकाणाचं नाव चिनी अक्षरांत मोठ्या टाइपात छापून मी वहीत चिकटवलं. स्टेशन, बसस्थानक, योंगल गोंग आणि त्याच्याजवळचं आणखी एक जुनं देऊळ, "मी मांस खात नाही", "या गावची बस कुठे मिळेल", सगळं. फोन बंद पडेल, वही बंद पडत नाही.

नावांचा एक घोळ इथेच सांगते. शीआन ज्या प्रांतात आहे त्याचं नाव आणि मला जायचं होतं त्या शेजारच्या प्रांताचं नाव, मराठीत दोन्ही "शान्शी"च लिहावं लागतं. त्यांच्याकडे उच्चाराचा चढउतार वेगळा. मी तोंडाने सांगितलं की समोरच्याला हमखास चुकीचा प्रांत कळायचा. म्हणून प्रांताचं नाव घेऊच नका, शहराचं घ्या: युन्छंग आणि पुढे, देऊळ आहे ते रुइछंग.

१४ एप्रिलला सकाळी शीआन उत्तर स्टेशनवरून गाडी होती. स्टेशन विमानतळाएवढं आहे. सामानाची तपासणी होते. तिकीट कागदावर नसतंच, पासपोर्ट हेच तिकीट. स्थानिक लोक ओळखपत्र टेकवून फाटकातून जातात, आपल्याला मात्र कडेला माणूस उभा असतो त्या फाटकातून जावं लागतं. हे माहीत नसल्याने मी मशीनवर पासपोर्ट घासत बसले आणि मागे रांग लागली. एका मुलीने हाताला धरून कडेच्या फाटकापाशी नेलं. गाडीच्या वेळेआधी निदान पाऊण तास तरी पोचा.

तासाभराचा प्रवास. तिकीट ७० युआनच्या आसपास, एक युआन तेव्हा पावणेबारा रुपयांना पडत होता. वाटेत गाडी पीत नदी ओलांडते. पूल संपता संपत नाही. खाली पाणी थोडं आणि वाळूचे, गाळाचे पट्टे मैलभर. शाळेत "चीनचे अश्रू" म्हणून वाचलेली नदी ती हीच. रंग मात्र पिवळा नव्हे, आपल्या पहिल्या पावसातल्या भीमेसारखा.

युन्छंग उत्तर स्टेशनहून शहरबसने बसस्थानकात गेले. इथेही तिकिटाला पासपोर्ट लागला. खिडकीतल्या बाईंनी पासपोर्ट उलटसुलट पाहिला, शेजारणीला दाखवला, आणि मग दोघींनी मिळून माझं नाव टाइप केलं. तिकीट २५ युआनच्या आसपास. वही दाखवल्यावर एका काकांनी थेट गाडीपर्यंत सोडलं. दीड तासाची वाट. युन्छंग आणि रुइछंगच्या मध्ये झोंगत्याओ डोंगररांग आहे आणि रस्ता लांबच लांब बोगद्यातून जातो. बोगद्याच्या पलीकडे बाहेर पडलो तर उतारावर सफरचंदाच्या बागा, आणि त्या आठवड्यात सगळ्या फुललेल्या. पांढऱ्या, कडेला किंचित गुलाबी.

शेजारी बसलेल्या आजोबांनी विचारलं, "यिंदू?" म्हणजे हिंदुस्थान. मी मान हलवली. त्यांनी अंगठा वर करून "क दीहुआ" असं दोनदा म्हटलं. मला उलगडायला वेळ लागला. ते डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं चिनी नाव. सोलापूरचे कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले, युद्धात जखमी सैनिकांवर उपचार करत राहिले आणि १९४२ मध्ये तिकडेच वारले. उजनीचं पाणी पिणाऱ्या सोलापूरचं नाव मला त्या आजोबांना सांगायचं होतं. फोनवरच्या भाषांतरातून "त्यांचं गाव माझ्या गावाजवळ आहे" एवढं कसंबसं पोचवलं. त्यांनी पिशवीतून तिळाची पातळ, काचेसारखी वडी काढून दिली. रुइछंगची ही खासियत, त्यांच्याकडे तिला "मा फ्यान" म्हणतात. चव अगदी आपल्या संक्रांतीची.

खरी अडचण रुइछंगला आली. जिथे खोली आरक्षित केली होती तिथे काउंटरवरच्या मुलाने पासपोर्ट पाहून हात हलवला. परदेशी माणूस नको. चीनमध्ये हॉटेलात उतरलेल्या परदेशी माणसाची नोंद पोलिसांकडे करावी लागते, ते काम हॉटेलवालेच करतात, आणि छोट्या गावातल्या पुष्कळांना ते कधी करावंच लागलेलं नसतं. दुसऱ्या ठिकाणीही तेच. दुपारचे चार वाजले होते, पाठीवर पिशवी, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की आपण उगाच आलो. तिसऱ्या हॉटेलात मालकीणबाई होत्या. त्यांनाही नोंद कशी करायची ते माहीत नव्हतं, पण त्यांनी कुणाला तरी फोन लावला, मला खुर्ची दिली, गरम पाणी दिलं. पासपोर्टचं पान, व्हिसाचं पान आणि देशात आल्याचा शिक्का, तिन्हींचे फोटो काढले. चाळीस मिनिटांनी किल्ली मिळाली. खोली १४० युआन. त्यामुळे एक सांगते, आरक्षण करायच्या आधी "परदेशी पासपोर्ट चालतो का" हा प्रश्न चिनीत लिहून पाठवा आणि उत्तर जपून ठेवा. नाहीतर युन्छंगला मुक्काम करून सकाळच्या बसने या.

रात्री टोमॅटो आणि अंड्याच्या शेवया खाल्ल्या, १२ युआन. टेबलावर काळं व्हिनेगर असतं. या प्रांताचं ते प्रसिद्ध आहे. दोन चमचे घाला, चव बदलून जाते.

१५ तारखेला सकाळी चालत निघाले. देऊळ रुइछंगच्या उत्तरेला, लोंगच्युआन गावात, बसस्थानकापासून तीन किलोमीटर. तिकीट ६० युआन, पासपोर्ट दाखवून. आत गेल्यावर लांबलचक सरळ वाट आहे आणि तिच्यावर एकामागे एक दालनं.

थोडं देवळाबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. ताओ पंथात आठ सिद्ध मानतात, त्यांतल्या ल्यू दोंगबिनचा जन्म योंगल गावी झाला अशी श्रद्धा. तिथलं जुनं देऊळ जळाल्यावर मंगोल काळात, १२४७ पासून, हे मोठं देऊळ उभारायला घेतलं आणि चित्रांसकट पुरं व्हायला शंभराहून जास्त वर्षं लागली. हे छ्वानजन शाखेचं देऊळ. या शाखेचे साधू घरदार सोडून, ब्रह्मचर्य पाळून, श्वासाची आणि ध्यानाची साधना करतात. मला राहून राहून आपले नाथपंथी आठवत होते. पुढे पीत नदीवर सानमनश्या धरण बांधायचं ठरलं, १९५७ मध्ये काम सुरू झालं, आणि योंगल गाव बुडीत क्षेत्रात आलं. १९५९ पासून देऊळ उतरवायला सुरुवात झाली. लाकडी सांगाडा सुटा करता येतो, खांब, तुळया, छपराचा भार पेलणारे कंस, सगळं खाचेत बसवलेलं असतं. प्रश्न होता सुमारे एक हजार चौरस मीटर चित्रांचा, तीही मातीच्या गिलाव्यावरची. त्यांनी भिंती मागून पोखरून चित्रांचे थर करवतीने कापले. ३४१ तुकडे केले. पेट्यांत भरून सुमारे वीस किलोमीटरवर इथे आणले आणि पुन्हा जोडले.

मुख्य दालनाच्या छपरावर दोन्ही टोकांना झिलई केलेले ड्रॅगन आहेत, माणसाहून उंच. दाराशी उंबरा गुडघ्याला लागेल एवढा. त्यावर पाय द्यायचा नसतो, ओलांडून जायचं. मी ओलांडला, आणि आत काहीच दिसेना. उन्हातून आल्यावर निदान पाच मिनिटं डोळे निवू द्या. मी खांबाजवळ उभी राहिले.

मग भिंती हळूहळू पुढे आल्या. तिन्ही बाजूंनी देवांची मिरवणूक, २८०हून जास्त आकृत्या, साधारण दोन मीटर आणि त्याहून उंच, सगळ्या परमदेवतांच्या दर्शनाला निघालेल्या. १३२५ मध्ये लोयांगच्या मा जुनश्यांग आणि त्याच्या सोबत्यांनी हे काम पुरं केलं. छापील प्रतीत मला रंग दिसला होता, इथे रेघ दिसली. एका देवतेच्या खांद्यापासून सुटलेली वस्त्राची कड खाली पावलापर्यंत येते, माझ्या उंचीपेक्षा लांब, आणि तिची जाडी कुठेच हलत नाही. मी वीस वर्षं संगणकावर वक्ररेषा ओढतेय. एवढी रेघ हाताने ओढायची तर दंडातून ओढावी लागेल, श्वास धरून, बहुधा मचाणावरून उतरत उतरत. मुकुटांवर आणि दागिन्यांवर चुन्यासारखा थर उचलून त्यावर सोनं लावलंय, बाजूने पाहिलं की ते उठून दिसतं. एरवी देवांचे चेहरे ठरावीक असतात. इथे कुणी मागे वळून शेजाऱ्याशी बोलतोय, कुणाला कंटाळा आलाय, एका म्हाताऱ्याच्या भुवया खाली लोंबताहेत.

आणि मग सांधा सापडला. पश्चिमेकडच्या भिंतीवर, एका हिरव्या झग्यात, केसाएवढी उभी रेघ. वस्त्राच्या चुणीला लागून आहे, म्हणून पटकन कळत नाही. ती वर जाते, थोडी सरकते, पण चेहऱ्यावरून जात नाही. कापताना चेहरे टाळून वाट काढलेली होती. कुणीतरी त्या चित्रासमोर दिवसचे दिवस उभं राहून करवत कुठून न्यायची ते ठरवलं असणार. मी त्या सांध्यासमोर किती वेळ होते ते सांगता येणार नाही. दोन सहली येऊन गेल्या. रखवालदार बाई जवळ आल्या, मी बोटाने दुरूनच सांधा दाखवला, आणि त्यांनी मान डोलावून मला आणखी चार ठिकाणी सांधे दाखवले. फ्लॅश अजिबात वापरू नका. मी तर आत फोन काढलाच नाही.

मागच्या दालनात ल्यू दोंगबिनच्या आयुष्यातले ५२ प्रसंग आहेत, १३५८चे. त्यात देव कमी आणि माणसंच जास्त: चहाची दुकानं, होड्या, शेतं, आजारी माणसं. देव्हाऱ्याच्या भिंतीच्या मागे जायला विसरू नका, बहुतेक लोक तिथवर जात नाहीत. तिथे गुरू आणि शिष्य खडकावर बसलेत. गुरू जोंगली मोकळा, दाढी वाऱ्यावर, पुढे झुकून बोलतोय. ल्यू हात बाह्यांत घालून मान खाली घालून बसलाय. संसार सोडायचा की नाही, याचा विचार चाललाय आणि अजून ठरलेलं नाही. मला या सगळ्या देवळात सर्वांत जवळचा तो ल्यू वाटला. शेवटच्या दालनात शाखेच्या संस्थापकाच्या आयुष्याचे ४९ प्रसंग आहेत, पण तिथवर माझे डोळे थकले होते. सगळं एका दमात बघायचा प्रयत्न करू नका. मध्ये बाहेर बाकावर बसा. जवळ बिस्किटं आणि पाणी ठेवा.

दुपारी चालत पाच ड्रॅगनांच्या देवळाकडे गेले, त्याचं दुसरं नाव क्वांगरन राजाचं देऊळ. तेही याच लोंगच्युआन गावचं. अर्धा तास लागला, वाट विचारत. हे देऊळ इसवी सन ८३१चं, म्हणजे योंगल गोंगहून चारशे वर्षांनी जुनं. तांग काळातली लाकडी इमारत आजवर उभी असणं ही फार दुर्मीळ गोष्ट, चीनमध्ये अशा मोजक्याच उरल्यात. दिसायला किती साधं! पाच खणांचं, बुटकं, चित्र नाही, सोनं नाही, फक्त छपराखालचे जाडजूड लाकडी कंस आणि समोर नाटकाचा ओटा. हे पाण्याचं देऊळ आहे. खाली झरा होता, त्यावर शेती भिजायची, आणि दुष्काळ पडला की लोक इथे ड्रॅगनराजाकडे पाऊस मागायला यायचे. तांग काळातले दोन शिलालेख भिंतीत बसवलेत, त्यांत हेच लिहिलंय. आमच्याकडे पोरं डोक्यावर लिंबाचा पाला बांधून "धोंडी धोंडी पाणी दे" म्हणत दारोदार फिरायची. झऱ्याला आता पूर्वीसारखं पाणी नाही. तिथे मी एकटीच होते. ओट्यावर बसून तिळाच्या वड्या खाल्ल्या.

परतताना शेवयांच्या दुकानातल्या आजींनी विचारलं, कुठून आलीस, कशाला आलीस. मी फोनवर लिहिलं, "माझ्या वडिलांचं गावही धरणात गेलं." त्यांनी ते वाचलं, दक्षिणेकडे, नदीकडे हात केला, आणि काही बोलल्या. भाषांतर आलं, "आम्ही पण तिकडचे." त्यांनी पैसे घ्यायला नकार दिला. मी आग्रहाने ठेवले.

१६ला सकाळच्या बसने युन्छंग आणि दुपारच्या गाडीने शीआन. शीआनपासून शीआनपर्यंत दोन रात्रींचा खर्च, राहणं, खाणं, तिकिटं धरून, ६४० युआन झाला, म्हणजे साडेसात हजार रुपये. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तिकडे मोठी सुट्टी असते, ती टाळा. एप्रिलच्या सुरुवातीला त्यांचा पितरांचा सण येतो, तेव्हाही गाड्या भरलेल्या असतात.

गावी जाऊन आप्पांना फोटो दाखवले. छपरावरचे ड्रॅगन त्यांनी भराभर पुढे सरकवले. मोठ्या दालनाच्या दाराचा फोटो आला तिथे थांबले, चष्मा वर केला.

"अगं, हा उंबरा मोठा कर जरा."

मी दोन बोटांनी मोठा केला. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला आणि अंगठ्याने काचेवरूनच उंबऱ्याच्या मधल्या भागावर हात फिरवला. फोटो सरकला. "परत आण," म्हणाले.